साहेबाला गप्प बसवण्याची नोकरी

गेल्या महिन्यात माझ्या नातीने, ईराने, फोनवर मला तिचं नवं काम समजावून सांगितलं. अंध माणसांना संगणकाचा पडदा वाचून दाखवणारा जो प्रोग्रॅम असतो, स्क्रीन रीडर, त्याला म्हणे ती बाहेरून, दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रॅममधून हुकूम देते. इथे बोल, इथे थांब, हे गाळ. "आजी, हे समजायला थोडं अवघड आहे," असं म्हणून ती हळू आणि स्पष्ट बोलू लागली, ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलावं तशी. मी सगळं ऐकून घेतलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, जळगावात, पगार घेऊन मी हेच करत होते हे सांगून तिचा विरस करणं जिवावर आलं. म्हणून इथे, या अंकात, लिहिते. अंकाच्या वाचकांनी नातवंडांच्या मागे बसून ऐकायला माझी हरकत नाही.

मी इंग्रजीची एम.ए. धुळ्याला कॉलेजात काही वर्षं शिकवलं, मग तुमच्या आजोबांची बदली जळगावला झाली आणि मी केळी उत्पादकांच्या एका सहकारी संस्थेत इंग्रजी पत्रव्यवहारासाठी लागले. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांना 'आपला माल वाटेत पिकला यात आमचा दोष नाही' हे सभ्य इंग्रजीत कळवणं, हे माझं काम. पुढे संस्थेने संगणक घेतला. खोक्यातून संगणकाबरोबर जाडजूड पुस्तकं निघाली आणि ती सगळी इंग्रजीत होती. आमचे चेअरमन, ज्यांना अख्खा तालुका आबा म्हणे म्हणून आम्हीही आबाच म्हणायचो, त्यांनी ती पुस्तकं माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"मॅडम, हे तुमच्या भाषेत बोलतंय. तुम्हीच बघा याचं काय ते."

अशी मी संगणक विभागाची प्रमुख झाले. विभागात मी एकटीच होते, पण खोलीला एसी होता. जळगावच्या मे महिन्यात अख्ख्या इमारतीत गारवा फक्त संगणकाला मिळे. त्यामुळे माझ्या विभागात कामं घेऊन येणाऱ्यांची संख्या उन्हाळ्यात फार वाढायची.

आता केळीबद्दल. घड झाडावर असतो तोवर शेतकऱ्याचा, कापला की घड्याळाचा. कापलेला घड परत झाडाला लावता येत नाही. म्हणून कापणारी माणसं आणि ट्रक एकाच वेळी शेतात पोचायला हवेत. संस्था शेतकऱ्यांना पाळीपाळीने ट्रक देई, त्या पाळीला 'नंबर' म्हणत. रोज संध्याकाळी भडगावपासून मुक्ताईनगरपर्यंतचे शेतकरी फोन करून विचारत, "उद्या कोणाचा नंबर?" फोन एकच. त्याच्यावर मिलिंद तायडे.

मिलिंद भडगावचा, तिशीचा, जन्मापासून अंध. त्याचे वडील शाळेत शिपाई होते. मुलाला शिकवायचं एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यभर धरला आणि तो पुरा केला. मिलिंद अंधशाळेत शिकला, ऑपरेटरचं प्रशिक्षण घेतलं आणि आमच्याकडे लागला. त्याचा आवाज गोड होता. भडगावच्या विहारात वंदना म्हणायला त्यालाच पुढे करत. शर्ट कडक इस्त्रीचा, आणि जीभही तशीच. गरीब बिचारा वगैरे जे काही लोक मनात धरून येत, ते दोन वाक्यांत गळून पडे.

आधी पाळीची यादी कागदावर असे. कारकून ती वाचून दाखवी, मिलिंद लक्षात ठेवी. यादी संगणकात गेली आणि तासातासाला बदलू लागली. दर वेळी कोणीतरी उठून त्याला सांगायचं, यावर कुरकुर सुरू झाली. आबा मनाने चांगले होते, त्यामुळे त्यांनी चांगुलपणाचा उपाय काढला.

"मिलिंदला कशाला त्रास? घरी बसू दे त्याला. पगार चालू ठेवू."

मिलिंद माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं.

"मॅडम, पगार बसल्या जागी मिळाला तर मी आंधळा. काम करून मिळाला तर ऑपरेटर. मला ऑपरेटर राहायचंय. तुमच्या त्या संगणकाला बोलतं करता येतं असं ऐकलंय. करा."

बोलका डबा त्यानेच मिळवला, त्याच्या अंधशाळेच्या ओळखीतून. संगणकाला जोडायचं एक बोलणारं यंत्र आणि एक फ्लॉपी, तिच्यात स्क्रीन रीडर. मी फ्लॉपीवर माझ्या पद्धतीने लेबल लावलं, तारीख घातली आणि सुरू केलं.

पहिलं वाक्य अख्ख्या ऑफिसने ऐकलं. ते होतं, "डॅश डॅश डॅश डॅश डॅश." यादीच्या पडद्याला मी फार हौसेने दुहेरी रेघांची चौकट काढली होती. यंत्राने ती चौकट चारही बाजूंनी वाचली. मग मथळा वाचला, संस्थेचं नाव वाचलं, पत्ता वाचला. कोपऱ्यात मी घड्याळ ठेवलं होतं, नीटनेटकं दिसावं म्हणून. दर मिनिटाला आकडा बदलला की यंत्र हातातलं वाक्य टाकून वेळ सांगे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. पहिल्या शेतकऱ्याचं नाव यायला चहा गार झाला.

"मॅडम," मिलिंद म्हणाला, "इतका वक्तशीर माणूस मला शेजारी नको."

आवाज पुरुषी, सपाट, नाकातून आलेला आणि उच्चार सगळे परदेशी. रावेरला तो असं काही म्हणायचा की रावेरकरांनी दावा लावला असता. शिपायाने त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, साहेब. तेच राहिलं.

इथून पुढे तुझ्या 'अवघड' कामाची गोष्ट, ईरा. साहेबाच्या पोटात हात घालायची मला परवानगी नव्हती. तो कसा बोलतो, हे त्याच्या कर्त्यांनी कुलपात ठेवलं होतं. पण पुस्तकाच्या शेवटच्या परिशिष्टात, जिथवर कोणी वाचत जात नाही, तिथे लिहिलं होतं की दुसरा प्रोग्रॅम या प्रोग्रॅमला बाहेरून सूचना देऊ शकतो. गप्प बस. अमुक ओळ वाच. वाचतोयस ते सोड. हळू. भरभर. बस, एवढंच.

आमच्या पिढीच्या बायकांना हे तंत्र शिकवावं लागत नाही. दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर नवरा बोलत असतो आणि आपण स्वयंपाकघराच्या दारातून त्याला खुणा करतो. पुरे, विषय बदला, पगाराचं काढू नका. बोलतो तोच, वाक्यं त्याचीच, पण कुठे थांबायचं ते आपल्या हातात. मी यादीच्या प्रोग्रॅममध्ये अशा खुणा घातल्या. चौकट आली, गप्प. पत्ता आला, गप्प. मिलिंदने गावाच्या नावाची पहिली अक्षरं दाबली की फक्त त्या गावाची ओळ वाच. पुढची कळ दाबली की मागचं अर्धवट सोड. घड्याळ मी काढूनच टाकलं, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं.

राहिला आवाज. डब्याला नुसता कर्णा होता. प्रत्येक शेतकऱ्याचा नंबर चहावाल्यालाही कळे. डबा मांडीवर घेऊन मी बसने धुळ्याला गेले, रशीदभाईंकडे. आग्रा रोडच्या आत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचे सोनगीरचे, घरात तांब्यापितळेचं काम, पण यांचा हात तारांवर बसलेला. माझ्या धुळ्याच्या दिवसांपासून ओळख.

"मॅडम, एक कान के लिये का दो?"

"एकच. दुसरा कान फोनला लागतो."

"म्हणजे बायकोसारखं," रशीदभाई म्हणाले. "एका कानात सांगत ऱ्हायचं, दुनियाला पत्ता नाही." आणि त्यांनी डब्याला एक भोक पाडून दिलं. त्यात इअरफोनची पिन घातली की कर्णा बंद, आवाज मिलिंदच्या डाव्या कानात.

मिलिंदची गाडी रुळावर आली. डाव्या कानात साहेब, उजव्या कानात शेतकरी, तोंडात अहिराणी. "हां नाना, बोला. तुम्हना नंबर उद्या नही, परवा शे. नही, गाडी सकायमा येई." नाना विचारायचे आणि तो सांगायचा, मध्ये श्वास घेण्याइतकी फट. मी माझ्या खोलीतून ऐकायचे आणि इंग्रजीची एम.ए. अखेर कुठेतरी उपयोगी पडली म्हणून मनात खूश व्हायचे.

पण यंत्र बोलतं ही गोष्ट आबांना विसरता येईना. पाहुणे आले की ते त्यांना मिलिंदच्या टेबलापाशी आणत, पिन काढत, आणि म्हणत, "बोलव रे मिलिंद, साहेबाला." साहेब बोले. पाहुणे टाळ्या वाजवत. एक दिवस अशाच टाळ्या थांबल्यावर आबा विचारात पडलेले दिसले.

"मॅडम, यादी तर हाच सांगतो. मग तो मिलिंदच्या कानात सांगतो आणि मिलिंद लोकांना सांगतो, असं दोनदा कशाला? सरळ फोनलाच जोडून टाका. मिलिंदला आराम. होतं का नाही?"

"आबा, मिलिंदला आराम नकोय."

"ते नंतर. होतं का नाही?"

होत होतं. न होण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि नाही म्हणून खोटं बोलायची मला सवय नाही. मिलिंदचं काम सोपं व्हावं म्हणून साहेबाला मी जेवढं शहाणं केलं होतं, तेवढंच मिलिंदचं टेबल रिकामं व्हायला पुरेसं होतं. रशीदभाईंना बोलावून तार जोडली. फोन वाजला की आपोआप उचलला जाई, साहेब उद्याची यादी एकदा वाचे आणि थांबे. फोन करणाऱ्याने खाली ठेवला की लाइन मोकळी. साहेबाला मराठी वाटेल असं काही बोलता यावं म्हणून यादी मी मराठीतून, पण रोमन अक्षरांत, पुन्हा लिहून काढली. मिलिंद शेजारी बसून प्रत्येक गावाचं नाव तपासत होता. स्वतःच्या जागी येणाऱ्या माणसाची परीक्षा घेतल्यासारखा, आणि गुणही सढळ हाताने देत होता.

"चाळीसगाव बरं म्हणतो आता," तो म्हणाला. "माझ्या मावशीपेक्षा बरं."

पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे वेळेवर घरी गेलो. तोच तर फायदा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा ऑफिसात आले ते पायातली चप्पल न काढताच एसीत शिरले.

"काल संध्याकाळभर फोन लावतोय मी! एंगेज, एंगेज, एंगेज! ट्रकचा पाटा तुटला, ड्रायव्हर कळवायला फोन करतोय, त्यालाही एंगेज. सकाळी माणसांनी माझी बाग कापून ठेवली. आता घड पानांखाली झाकून पडलेत. ते काय मी लोणचं घालू?"

कोणालाच कारण कळेना. संध्याकाळी आम्ही तिघंही थांबलो, आबा, मी आणि मिलिंद. मिलिंदला कोणी बोलावलं नव्हतं. "गंमत बघायला आलो," म्हणाला. फोन वाजला. साहेबाने यादी वाचली, झकास वाचली, आणि थांबला. लाइन काही मोकळी होईना. आम्ही वाट पाहिली. अजून पाहिली.

"मॅडम, उचलून ऐका," मिलिंद म्हणाला.

मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. लांब कुठेतरी वासरू हंबरलं. कुकरची शिटी झाली. मी रिसीव्हर आबांच्या हातात दिला.

"हॅलो! कोण बोलतंय?"

तिकडचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "हां साहेब?"

"साहेब नाही, मी आबा बोलतोय."

"आबा, तुम्ही जरा ठेवा ना. साहेब बोली ऱ्हायना मन्हासंगे."

"अरे, साहेबाचं बोलून झालंय! तू फोन का नाही ठेवला?"

पलीकडचे शेतकरी दुखावलेले. "असा कसा ठेवाना, आबा? मोठा मानूस बोली ऱ्हायना. तेनी 'ठेवतो' म्हनाले पाहिजे ना!"

आबांनी रिसीव्हर ठेवला आणि ते खुर्चीत बसले. तेही असेच वाढले होते. आमच्याकडे फोनवर काम संपलं म्हणून फोन संपत नाही. एकाने "ठेवू का?" विचारायचं, दुसऱ्याने "ठेवा" म्हणायचं, मग तो खाली जातो. मधेच ठेवणं म्हणजे जेवणाऱ्याचं ताट ओढणं. आणि इथे तर परदेशी उच्चारांचा, बहुतेक दिल्लीहून आलेला साहेब बोलत होता. अख्खा जिल्हा कानाला फोन लावून त्याच्या निरोपाची वाट पाहत उभा होता.

मिलिंद हसला नाही. फार कष्टाने हसला नाही, हे मला दिसलं.

आबा मात्र हार मानणारे नव्हते. "मग त्याला म्हणायला लावा, 'ठेवू का?' होतं का नाही?"

होत होतं. एकच ओळ होती. मी ती लिहिली.

त्याने काम अधिकच बिघडलं. इतकी वर्षं फोन ऐकूनही ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. "ठेवू का?" हा आमच्याकडे शेवट नसतो. खरं बोलणं तिथून सुरू होतं. साहेबाने विचारलं, "ठेवू का?" आणि पलीकडून उत्तर आलं, "थांबा ना साहेब, बठ्ठं सांगनं राही गयं!" मग ते 'बठ्ठं', म्हणजे सगळं: नंबर पुढे ढकलण्याची विनंती, खताची तक्रार, पुतण्याच्या नोकरीचं बघा. साहेब गप्प. त्या गप्प राहण्याचा अर्थ लोकांनी 'ऐकतोय' असा घेतला. चांगला ऐकून घेणारा अधिकारी म्हणून त्याची कीर्ती झाली. चोपड्याच्या एका अक्कांनी मुलाच्या लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण दिलं, आणि साहेब आले नाहीत म्हणून पुढे महिनाभर संस्थेशी अबोला धरला.

आबांनी तार काढायला लावली, मी यादी पुन्हा इंग्रजीत केली. मिलिंद टेबलावर परतला. पण आबा जाता जाता म्हणाले, "या हंगामात राहू द्या. पुढच्या हंगामात पक्कं करू." मिलिंदने ते ऐकलं. तो कधी काही न ऐकलेला असायचा नाही.

त्यानंतर दर काही दिवसांनी तो दारातून विचारी, "मॅडम, साहेबाला जरा पळवा ना." वेगाचा हुकूम माझ्या हातात होता, मी आकडा वाढवी. आधी साहेब घाईत असल्यासारखा बोलू लागला. मग भांडल्यासारखा. मग भट्टीत फुटाणे फुटावेत तसा आवाज येऊ लागला, आणि त्या दिवसापासून मला एक शब्द कळेना. प्रोग्रॅम माझा, इंग्रजी माझी, आणि अर्थ मिलिंदचा. अंध माणसं असंच ऐकतात, भरभर, कानाला सवय होते, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला वाटलं की मी काहीतरी बिघडवलंय.

पुढच्या हंगामाच्या तोंडाशी आबा दोन पाहुण्यांना घेऊन येणार असं कळलं. फोनवर आपोआप उत्तरं देणारी यंत्रं विकणारी माणसं होती ती. सकाळी मिलिंद माझ्याकडे आला.

"आज जरा जास्तच पळवा."

मी कारण विचारलं नाही. आकडा शेवटापर्यंत नेला.

पाहुणे आले. आबांनी मिलिंदच्या डब्याची पिन उपटली. "बोलव रे साहेबाला." मिलिंदने कळ दाबली. फुटाणे. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ये कौन-सी भाषा है?"

आबा माझ्याकडे वळले. "मॅडम, इंग्रजी आहे ना ही?"

"इंग्रजीच आहे, आबा."

"मग काय म्हणतोय?"

"मला नाही कळत."

एम.ए.ला लागल्यापासून हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हटलं असेन. आबा काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. मिलिंदने उचलला, दुसऱ्या हाताने कळ दाबली, फुटाणे फुटले, आणि ते विझायच्या आत तो म्हणाला, "हां नाना, उद्या शे तुम्हना. दुसरी गाडी. दुपारले येई. माणसं बोलाई ठेवा." मग नानांचं राहिलेलं सगळं ऐकून घेतलं, गुडघ्याची चौकशी केली, "ठेवू का?" विचारलं, नाना आणखी काही बोलले, तेही ऐकलं, पुन्हा विचारलं, आणि ठेवला.

आबा हळू आवाजात मला म्हणाले, "आत्ता तो साहेब हेच बोलला?"

"मिलिंद म्हणतो म्हणजे हेच असणार."

"हळू करता येतं का याला?"

"येतं, आबा. मग नाना थांबतील, आणि नानांमागचे सगळे थांबतील."

आबा पाहुण्यांना चहासाठी बाहेर नेताना म्हणाले, "राहू द्या मॅडम. फोनला जोडायचं डोक्यातून काढा. आपल्या लोकांच्या पल्याड गेलाय हा. मिलिंदपाशीच राहू दे."

दार बंद झालं. मी मिलिंदजवळ गेले.

"तुला इतक्या वेगाचं खरंच कळतं?"

"नाही हो," तो म्हणाला. "एवढं कोणाच्या बापाला कळणार? कालपर्यंतचं कळत होतं."

"मग नानांना सांगितलंस ते?"

"ते सकाळीच ऐकून ठेवलं होतं. अख्खी यादी. कोणाचा फोन येईल काय माहीत." त्याने पिन चाचपून भोकात घातली. "आता पाहुणे लांब गेले का बघा, आणि करा जरा कमी."

मी खिडकीतून पाहिलं. आबांची जीप फाटकाबाहेर पडत होती. मी आकडा खाली आणला.